देवमासा मासा नाही, पाणघोडा घोडा नाही, मग आहेत तरी कोण? तिसरीतल्या मुलीला कसं सांगू?

रेवाची_आई (धनकवडी)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक विचारतीये, वेळ काढून वाचा प्लीज.

लेक तिसरीत आहे. शाळेत परिसर अभ्यासाच्या बाईंनी "जगातले वन्यप्राणी" असा प्रोजेक्ट दिलाय, चार्टपेपरवर चित्रं चिकटवायची आणि प्रत्येकाखाली चार-पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. म्हटलं आधी डोळ्यांनी बघू दे मग लिहू दे, म्हणून रविवारी तिला कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात नेलं. बिबट्यापाशी बरीच गर्दी होती, तो ओंडक्यावर चारी पाय लोंबते सोडून झोपला होता आणि शेजारी एक बाबा मुलाला कडेवर घेऊन सांगत होते "तो बघ चित्ता", मागून एक आजी म्हणाल्या "अगं बाई, केवढा वाघ". पाटीवर चांगलं ठळक अक्षरात बिबट्या लिहिलेलं. रेवाने ते मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, आई मग चित्ता कसा असतो? आणि मला "जोरात पळतो" याच्या पुढे एक वाक्य सुचलं नाही.

घरी आल्यावर तिने आजोबांना पकडलं. आजोबा म्हणाले अगं नावावर जाऊ नको, देवमासा तरी कुठे मासा असतो. झालं, तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर "खोटी नावं" अशी यादी चालू आहे. देवमासा मासा नाही, पाणघोडा घोडा नाही, शहामृग मृग नाही, खवल्या मांजर मांजर नाही, नीलगाय गाय नाही. आणि प्रत्येकापुढे तिचा एकच प्रश्न, मग तो कोण आहे?

नेटवर शोधलं तर वजन इतकं, लांबी इतकी, खाद्य अमुक असे तक्ते मिळतात, ते उतरवून काढायला मला नकोय, ती उद्या विसरून जाईल. तुमच्यापैकी कोणी प्राणीशास्त्र शिकलेलं असेल किंवा हे प्राणी जवळून बघितलेलं असेल तर तिला कळेल असं सांगाल का? चित्ता-बिबट्याचा फरक तर पाहिजेच पाहिजे.

जुना_झूलॉजीवाला (कर्वेनगर)

ताई, तुमच्या लेकीने यादी एकदम भारी केलीये, याच यादीवर प्रोजेक्ट करा असं माझं मत आहे. मी एम.एस्सी. झूलॉजी केलंय, आता नोकरी वेगळ्याच क्षेत्रात आहे पण हा विषय निघाला की राहवत नाही.

पहिल्यांदा देवमासा आणि पाणघोडा घेऊ, कारण या दोघांची गंमत एकत्रच सांगावी लागते. देवमासा सस्तन आहे, म्हणजे पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो, गरम रक्ताचा आहे आणि आपल्यासारखीच फुप्फुसं आहेत. पाण्याखाली त्याला श्वास घेता येत नाही, वर यावंच लागतं. डोक्यावरून तो कारंजं उडवतो असं चित्रात दाखवतात ना, ते त्याचं नाक आहे, आणि कारंजं म्हणजे मुख्यतः उच्छ्वासातली वाफ, थंडीत आपल्या तोंडातून निघते तशी.

मुलीला चित्रावरून ओळखायला एक सोपी खूण सांगा. माशाची शेपटी उभी असते आणि ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. हे का? कारण देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालणारे होते, आणि पळताना कुत्र्याची किंवा मांजराची पाठ कशी वर-खाली वाकते ते बघितलंय ना, देवमाशाच्या कण्याने तीच हालचाल पाण्यात नेली. कोट्यवधी वर्षं पाण्यात राहूनही पाठीचा कणा अजून जमिनीवरच्या प्राण्यासारखाच वाकतो, मला हे पहिल्यांदा सरांनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता ते पूर्वज कुठले? त्यातले सगळ्यात जुने जीवाश्म आपल्या उपखंडातच मिळालेत. पाकिस्तानात पाकिसेटस नावाचा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी सापडला, चार पायांचा, साधारण लांडग्याएवढा, पण कानाचं हाड अगदी देवमाशासारखं जाड. आणि जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून रंगा राव नावाच्या आपल्या भूवैज्ञानिकाने जमवलेल्या दगडांमधून इंडोहायस निघाला, मांजराएवढा, पिसोरी हरणासारखा दिसणारा, त्याच्याही कानाचं हाड तसंच जाड. २००७ साली त्याचा नीट अभ्यास प्रसिद्ध झाला.

आणि आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण? पाणघोडा! हाडांवरूनही दिसतं आणि डीएनएवरूनही. म्हणजे ज्याला आपण मासा म्हणतो तो आणि ज्याला घोडा म्हणतो तो, दोघं एकमेकांचे चुलत भाऊ. मुलीला दोघांची चित्रं शेजारी शेजारी चिकटवायला सांगा.

पाणघोड्याला घोडा आपणच म्हणत नाही, ग्रीक लोकही नदीचा घोडाच म्हणायचे, तेच नाव इंग्रजीत गेलं. पण घोड्याच्या पायाला एकच खूर असतो आणि पाणघोड्याला प्रत्येक पायाला चार बोटं. तो राहतो आफ्रिकेत, दिवसभर पाण्यात आणि रात्री बाहेर येऊन गवत खातो. मोठा पाणघोडा खरं म्हणजे पोहत नाही, नदीच्या तळावर पाय टेकवत चालतो, आणि झोपेतसुद्धा दर काही मिनिटांनी आपोआप वर येऊन श्वास घेऊन परत खाली जातो. अंगातून लालसर चिकट द्रव येतो त्याला लोक रक्ताचा घाम म्हणतात, तो ना रक्त ना घाम, त्याने कातडीचं उन्हापासून आणि जंतूंपासून रक्षण होतं. आणि जाडा, गोल, गरीब वगैरे अजिबात समजू नये. जमिनीवर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास पळतो, त्याच्या पुढ्यात माणूस वाचणं अवघड.

शहामृग वगैरे दुसरं कोणीतरी लिहील, माझी ट्रेन यायची वेळ झाली.

रेवाची_आई

दादा, तुम्ही लिहिलंय ते मी तिला आत्ता वाचून दाखवलं. तिने आमच्या गल्लीतल्या मांजराला पळवून बघितलं पाठ वर-खाली होते का ते 🙂 होते म्हणाली. मग लगेच दोन प्रश्न. एक, देवमासा किती मोठा. दोन, तो हवेत श्वास घेतो तर किनाऱ्यावर आला की मरतो कशाला? दुसऱ्यावर मीही अडकले.

गुहागरकर_पुण्यात (वारजे)

ताई दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण ते जवळून बघितलंय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं, तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. मी तेव्हा दिवाळीला गावी होतो, दुपारी बाईक काढून गेलो. पिल्लू म्हणायचं पण अंग टेम्पोएवढं. लोक बादल्यांनी पाणी आणून ओततायत, अंगावर ओल्या चादरी, डॉक्टर सलाईन लावतायत, भरती आली की दोर बांधून ओढायचा प्रयत्न. ते मधूनच नाकातून जोरात हवा सोडायचं, फूऽऽस करून, आणि सगळा किनारा गप्प व्हायचा. एकदा आत नेलंही पण परत आलं. शेवटी नाही वाचलं.

तर कारण असं की पाण्यात असताना त्याचं वजन पाणी पेलतं. वाळूवर आलं की तेच वजन त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांवर पडतं, श्वास ओढणं जड जातं. आणि कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, थंड समुद्रात तो उबेला उपयोगी, पण उन्हात तोच जीव घेतो, अंग आतून तापत जातं. म्हणून ओल्या चादरी. हवा भरपूर असून उपयोग नसतो.

किती मोठा ते पण सांगतो. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत लांब होतो, आपली पीएमपीची मोठी बस १२ मीटरची असते, म्हणजे अडीच बस एकामागे एक उभ्या करा. वजन दीडशे टनांच्या घरात. आजवर पृथ्वीवर झालेल्या प्राण्यांमध्ये एवढा जड माहीत असलेला दुसरा नाही, डायनोसॉर धरून. जन्मलेलं पिल्लूच ७ मीटरचं असतं आणि दिवसाला सुमारे २०० लिटर दूध पितं. आणि एवढा मोठा जीव खातो काय तर क्रिल, बोटाएवढी कोळंबीसारखी जीवं, दात नसतातच, वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या असतात त्यातून पाणी गाळून काढतो. आमच्याकडे जाळ्यातून पाणी निथळतं तसंच.

मग खरा सगळ्यात मोठा मासा कोणता असं ती विचारेलच. व्हेल शार्क. नावात व्हेल म्हणजे देवमासा, पण हा खराच मासा, कल्ल्याने श्वास घेणारा, शेपटी उभी. पाठीवर पांढरे ठिपके. गुजरातच्या किनाऱ्याला येतात, पूर्वी तिथे खूप मारायचे, २००१ पासून आपल्याकडे त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तिच्या यादीत हाही घाला, नाव उलट बाजूने चुकलेलं.

जुन्नरची_लेक (आता हडपसर)

रेवाची आई, बिबट्याचं मी सांगते. माहेर जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पुढे. आमच्याकडे म्हातारी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात, त्यामुळे त्या आजी काही अगदीच चुकल्या नाहीत, आमच्या आजीच्या तोंडीसुद्धा "वाघरू" असायचं. पट्टेवाल्याला मग ढाण्या वाघ किंवा पट्टेरी वाघ. चित्ता म्हणणं मात्र चूक, तो प्राणीच वेगळा.

आता ओळखायचं कसं. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके नीट बघितले तर भरीव नसतात, चार-पाच काळ्या पाकळ्या गोल मांडल्यासारख्या आणि मधे पिवळी जागा, शेवंती काढायला घेतली आणि मधला भाग भरायचा राहिला असं वाटतं. डोक्यावर आणि पायांवर तेवढे भरीव असतात. चित्त्याचे सगळे ठिपके भरीव, तीट लावल्यासारखे. आणि चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ असते, ती बिबट्याला नसते. ही रेघ दिसली की बाकी काही बघायची गरज नाही.

स्वभाव पण उलटे. बिबट्या रात्रीचा, दबा धरणारा, झाडावर सहज चढणारा, आपल्याएवढ्या वजनाची शिकार तोंडात धरून झाडावर नेतो. आणि कुठेही राहतो. आफ्रिकेपासून रशियाच्या पार पूर्वेच्या बर्फापर्यंत आहे, आणि आमच्या उसात आहे. उंदीर, घूस, कुत्रं, शेळी, डुक्कर, जे मिळेल त्यावर भागवतो म्हणूनच तो टिकला.

उसातलं सांगते कारण ते पुस्तकात वाचून नीट कळत नाही. ऊस म्हणजे वर्षभर उभं असलेलं जंगलच त्याच्या दृष्टीने, पाणी आहे, गारवा आहे, आतपर्यंत कोणी येत नाही. मादी तिथेच विते. मग ऊसतोड सुरू झाली की टोळीला फडात पिल्लं सापडतात. मी नववीत असताना आमच्याच फडात दोन सापडली होती. डोळे नुकते उघडलेले, निळसर, अंग राखाडी, आणि आवाज अगदी मांजराच्या पिल्लाचा. आधी सगळे म्हणाले उचलून घरी न्या, दूध पाजू. वडिलांनी हात लावू दिला नाही, वनखात्याला फोन केला. त्या लोकांनी पिल्लं तपासली, टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवली आणि अंधार पडायच्या आत कॅरेट होतं तिथेच नेऊन ठेवलं. आम्हाला सांगितलं दिवे बंद, आवाज बंद. आठ-साडेआठला मादी आली, बॅटरी लावायची नव्हती त्यामुळे नुसतं काहीतरी हललं एवढंच दिसलं. एक उचललं, गेली. अर्ध्या तासाने परत येऊन दुसरं नेलं. कॅरेट आडवं पडलेलं तेवढं सकाळी बघितलं. आजही वनखातं असंच करतं आणि बहुतेक वेळा आई येतेच. पिल्लं नाहीशी झाली तर मादी चिडते, आसपास घुटमळत राहते, आणि मग माणसांना धोका वाढतो.

आमच्याकडे माणसं गेलीयेत, लहान मुलंही गेलीयेत, त्यामुळे "किती गोंडस" असं मी कधी म्हणणार नाही आणि कोणी फार प्रेमाने बोललं तर मला त्रास होतो. पण त्याला राक्षस समजणंही बरोबर नाही. वाकून काम करणारा किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला चार पायांचं जनावर वाटू शकतो, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलंय. म्हणून संध्याकाळनंतर एकट्याने शेतात वाकायचं नाही, मोबाईलवर गाणी लावून चालायचं, पोरांना मधे घ्यायचं. हे तिच्या चार्टवर नको लिहू पण तिला सांगून ठेव.

रंकाळ्यावरचा (सध्या बाणेर)

चित्त्याचं नाव निघालं आणि कोल्हापूरचा माणूस गप्प बसणार, शक्यच नाही. आमच्या संस्थानात शिकारीला चित्ते पाळायचे. त्यांना सांभाळणारे, शिकवणारे ते चित्तेवान. डोळ्यांवर झापड बांधून चित्त्याला बैलगाडीतून माळावर न्यायचं, काळवीटांच्या कळपाजवळ गेलं की झापड काढून सोडायचं. आजोबा सांगायचे की गाडीवर बसलेला चित्ता कुत्र्यासारखा शांत असायचा. पुढे पुढे तर भारतातले चित्ते मिळेनासे झाले म्हणून आफ्रिकेतून आणावे लागले, तेही शंभरेक वर्षांपूर्वी! म्हणजे आफ्रिकेचा चित्ता आपल्याकडे आला ते काही पहिल्यांदाच मध्य प्रदेशातल्या कुनोत नाही.

आपला भारतातला चित्ता संपला. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात, म्हणजे आत्ताच्या छत्तीसगडमध्ये, तीन चित्ते मारले गेले त्यानंतर पक्की नोंद नाही आणि १९५२ साली नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मग १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून ८ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२. इंग्रजी चीता हा शब्दसुद्धा आपल्याकडूनच गेलाय, ठिपकेवाला या अर्थाच्या जुन्या शब्दावरून. नाव आपलं आणि आपला मूळचा चित्ता मात्र उरला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेगाबद्दल: अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणीसंग्रहालयात सारा नावाच्या चित्त्याच्या मादीने २०१२ मध्ये १०० मीटर अंतर ५.९५ सेकंदांत कापलं, उसेन बोल्टचा विक्रम ९.५८ सेकंदांचा आहे. पण हा वेग थोडाच वेळ टिकतो, काही शे मीटर, मग धापा टाकत बसतो. नखं बाकी मांजरांसारखी पूर्ण आत जात नाहीत, ती धावताना स्पाइक्सच्या बुटासारखी जमिनीत रुततात. शेपटी वळताना सुकाणूसारखी. आणि वर कर्वेनगरवाल्या दादांनी कण्याचं सांगितलं ते चित्त्यात सगळ्यात जास्त दिसतं, धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो.

अजून एक गोष्ट मुलीला नक्की आवडेल. चित्ता डरकाळी फोडू शकत नाही. तो मांजरासारखा घुर्रघुर्र करतो आणि पिल्लांना हाक मारताना चक्क पक्ष्यासारखा चिवचिवतो. बिबट्याचा आवाज लाकडावर करवत ओढल्यासारखा.

मंगला_काकू (सदाशिव पेठ)

शहामृगाचं मी सांगते, शाळेत ३१ वर्षं शिकवलंय मी. हिंदीत शुतुरमुर्ग म्हणतात. फारसीत शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी, उंटासारखा पक्षी. आपल्याकडे त्या मुर्गचा मृग झालेला दिसतो. म्हणजे नाव मुळात बरोबर होतं, मराठीत येताना घसरलं!

हा जगातला सगळ्यात मोठा पक्षी, आफ्रिकेतला, उंची अडीच मीटरच्या वर जाते. उडता येत नाही पण ताशी ७० किलोमीटरने पळतो. पायाला दोनच बोटं. डोळा एवढा मोठा की त्याच्या मेंदूपेक्षा मोठा. आणि संकट आलं की वाळूत डोकं खुपसतो हे मी स्वतः वर्गात कितीतरी वर्षं सांगत आले आणि ते खरं नाही हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, याची मला अजून चुटपुट आहे. अंडी जमिनीतल्या खड्ड्यात घालतो आणि मान खाली घालून ती चोचीने फिरवतो, लांबून बघणाऱ्याला डोकं वाळूत गेल्यासारखं दिसतं. शिवाय धोका वाटला की मान जमिनीला लावून निपचित पडून राहतो. रेवाला सांगा की हे चार्टवर लिही, म्हणजे तुमच्या बाईंनाही कळेल.

जाता जाता जिराफ. एवढी लांब मान पण मानेचे मणके सातच, तुमच्याआमच्याएवढेच. देवमाशालाही सातच.

जुना_झूलॉजीवाला

मंगलाकाकू, सात मणक्यांचं फार छान आठवण केलीत.

नीलगाय राहिली होती. ती गाय नाही, कुरंग म्हणजे अँटिलोप आहे, आशियातला सगळ्यात मोठा. नर निळसर करडा म्हणून नील. विदर्भात रोही म्हणतात. पण ताई, हे नाव पूर्ण खोट्यात टाकू नका. वर्गीकरणात नीलगाय आणि तिचा जवळचा नातेवाईक चौशिंगा हे काळवीटापेक्षा गाय-म्हशींच्या जास्त जवळचे आहेत. खेड्यातल्या माणसाने बघून ठेवलेलं नाव, काहीतरी दिसलं असेल त्याला.

आणि हरीण म्हणून आपण सगळ्यांना एकत्र टाकतो तेही सांगतो. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं दर वर्षी गळून नवीन येतात आणि त्यांना फाटे असतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांची शिंगं आयुष्यभर तीच, गळत नाहीत. चिंकारा बघायचा असेल तर सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, पुण्याहून एका दिवसात होतं, सकाळी लवकर जा.

महात्मा_सोसायटीजवळ (कोथरूड)

नावांचा विषय आहे म्हणून लिहितो, नाहीतर हे मी कुठे बोलत नाही. ९ डिसेंबर २०२० ला सकाळी आमच्या इथे गवा आला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मेसेज "रेडा सुटलाय", दुसरा "बायसन आलाय". मी गॅलरीतून बघितला, चकचकीत तपकिरी काळा, आणि चारही पायांना गुडघ्याखाली पांढरं, शाळेतल्या मुलाने मोजे घातल्यासारखं. तो घाबरलेला होता, नाकातोंडातून फेस. आणि मागे माणसं, शेकडो, मोबाईल वर धरून ओरडत. त्याला जायला जागाच नव्हती. पकडल्यावर थोड्याच वेळात त्याचा जीव गेला.

गवा म्हणजे रानातला गुरांचा भाऊबंद, जगातल्या जंगली गुरांमधला सगळ्यात मोठा, नर हजार किलोपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. गवत-पाला खाणारा, माणसापासून लांब राहणारा. राधानगरीला आणि सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी आहेत. बायसन हा वेगळा प्राणी, अमेरिकेत आणि युरोपात, खांद्यावर केसाळ झूल असलेला. इंग्रजांनी गव्याला इंडियन बायसन म्हटलं तेच चालू राहिलं. अमेरिकेतले बायसन पूर्वी काही कोटी होते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हजारही उरले नव्हते, एवढे मारले, नंतर जपून वाढवलेत.

रेवाला एवढं नक्की शिकवा की वाट चुकून जनावर आलं तर मागे धावायचं नाही, ओरडायचं नाही, दार लावून घरात बसायचं आणि वनखात्याला फोन करायचा. आम्ही त्या दिवशी तेवढं केलं असतं तर.

चिपळूणची_वैदेही (सिंहगड रोड)

कोथरूडचे दादा, आम्हालाही तो दिवस आठवतो.

खवल्या मांजर राहिलंय तर ते मी सांगते, आमच्या कोकणातला माणूस आहे तो. मांजराएवढा-कुत्र्याएवढा, अंगभर खवले, ते खवले म्हणजे आपल्या नखांचंच द्रव्य, केरॅटिन. गेंड्याचं शिंगही तेच. म्हणजे ज्याच्यासाठी यांना मारतात ते आपण दर रविवारी नेलकटरने कापून कचऱ्यात टाकतो, औषध-बिवषध काही नाही त्यात. जगात ज्या सस्तन प्राण्यांची सगळ्यात जास्त तस्करी होते त्यात याचं नाव सगळ्यात वर असतं. आठ जाती आहेत, चार आशियात चार आफ्रिकेत.

दात एकही नाही. वारूळ पुढच्या नखांनी फोडायचं आणि लांबलचक चिकट जिभेने मुंग्या-वाळवी उचलायच्या. भ्यायलं की स्वतःचा चेंडू करतं, सिंहालाही उघडत नाही. पण माणूस तोच चेंडू उचलून पिशवीत टाकतो. पिल्लू एकच होतं बहुतेक वेळा आणि ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं, आमच्या काकांनी परसात रात्री बघितलंय, आई हळूहळू चालतीये आणि शेपटीवर पिल्लू चिकटलेलं.

आणि हेही नाव अगदीच खोटं नाही बरं का, मांजर-कुत्री-अस्वल या सगळ्या मांसाहारी गटाचा हा लांबचा पण आजचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आहे.

रेवाची_आई

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री साडेदहापर्यंत चार्ट चालला होता. तिने "खोटी नावं" खोडून तीन कप्पे केलेत: पूर्ण चुकलेली, अर्धी चुकलेली आणि येताना घसरलेली. घसरलेल्यात एकटं शहामृग आहे, मंगलाकाकूंच्या नावाने. देवमासा आणि पाणघोडा शेजारी, मधे एक रेघ आणि त्यावर लिहिलंय "चुलत भाऊ". गव्याला तिने पायात मोजे काढलेत, त्याचं कोथरूडचं मी तिला थोडंच सांगितलं, ती गप्प झाली.

आता आजोबांनी शेवटचं एक सोडलंय, तरस कुत्र्याच्या जातीतलं का? सासवडला त्यांनी लहानपणी बघितलंय म्हणे.

जुना_झूलॉजीवाला

दिसायला कुत्रं पण नाही, मांजर-मुंगूस यांच्या बाजूचं. सासवडच्या माळांवर आहे ते पट्टेरी तरस, मेलेली जनावरं आणि हाडं खातं, हाडं फोडण्याएवढा जबडा. हाडातल्या कॅल्शियममुळे त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते, माळावर हीच त्याची खूण. आफ्रिकेतलं हसणारं ते ठिपक्यांचं, त्यांच्यात कळपाची पुढारी मादी असते, आणि ते उष्ट्यावर जगतं हा समज चुकीचा, बरीचशी शिकार स्वतःच करतं.

रेवाची_आई

म्हणजे पूर्ण चुकलेल्यात आजोबा 😊 सांगते त्यांना.

बुधवारी कात्रज बंद असतं ना? मग गुरुवारी शाळा सुटल्यावर परत जातोय. तिला बिबट्याच्या एका ठिपक्याला किती पाकळ्या आहेत ते मोजायचंय, दुर्बीण मागितलीये शेजारच्या काकांची.